बसलेला टाळकरी

सगळे टाळकरी उभे, आणि हा एकटा खांबाला टेकून बसलेला! मोशीच्या देवळात आबांचं एकादशीचं कीर्तन रंगलं होतं. मी, त्यांची म्हणजे सोपानबुवांची लेक रंभा, बायकांच्या बाजूनं बघतच राहिले. असा उद्धट माणूस... आणि टाळ मात्र किती गोड वाजवत होता!

प्रसाद देताना मी टोचलंच, "पाव्हणं, देवापुढं उभं ऱ्हायला पाय दुखत्यात व्हय?"

"दुखतात," तो हसला. "प्रसादाला हात मात्र लगेच पुढं येतो बघा."

तो ज्योतीराम. साताऱ्याकडचा, पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कामाला. मग दर एकादशीला यायचा. आबांचा आवाज चढला की त्याचे डोळे मिटायचे. उघडले की आधी विठ्ठलाकडे — मग माझ्याकडे. माझा अभंगाचा चरण हमखास चुकायचा.

त्याला वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून माघात आबांनी त्यालाच माझ्याशी लग्नाविषयी विचारलं. त्यानं हात जोडून नाही म्हटलं.

पुढच्या एकादशीला तो सकाळीच आला. मी इंद्रायणीवर पूजेचा तांब्या घासत होते. पाण्यावर धुकं तरंगत होतं; पलीकडचा काठ स्वप्नातल्यासारखा दिसे-न दिसे.

"मी आवडत न्हाई?" मी विचारलं.

"फार आवडता... म्हणूनच."

तो पायरीवर टेकला. पाण्याकडे बघत म्हणाला, "दोन वर्षांमागं मला कर्करोग झाला होता. अंडाला गाठ... मुंबईला एक अंड काढलं, मग पोटावर किरणं दिली. तेव्हापासून हा पाय सुजतो. मूल होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. आणि... दुसऱ्या बाजूला पुन्हा गाठ उठू शकते. दर सहा महिन्यांनी तपासायला जावं लागतं."

माझा तो टोमणा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबांना का न्हाई सांगितलं?"

"ते कीव करतील. मग त्यांच्यामागं टाळ कसा धरू?"

पूजेचा तांब्या हातात धरून खोटं बोलवेना.

"मला लेकरं लई आवडत्यात," मी म्हणाले. "कधी कधी रडंन मी. तवा तोंड फिरवायचं न्हाई. जमंल?"

"जमेल..." तो इतकं हळू म्हणाला, की नदीच बोलली असं वाटलं.

आम्ही घरी आलो तेव्हा आबा अंगणात उपरणं झटकत होते.

"आबा, पाव्हण्यांना बोलायचंय. सगळं ऐकून घ्या. आन् मग लगीच उठू नका — मला बी बोलायचंय."