कोऱ्या जागेची चोरी

"चोरी झालीय," एस्तेरबाई साळवे म्हणाल्या, "पण काय गेलं म्हणाल, तर काहीच नाही."

राजेश्वरी बिराजदारनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. शुक्रवार पेठेतल्या तिच्या माडीवर लोक यायचे ते बहुधा सोयरीक जुळवण्याआधी मुलाची गुपचूप चौकशी करायला. दारू पितो का, कर्ज आहे का, असले प्रश्न. असली चोरी तिच्या दारी पहिल्यांदाच आली होती. दारापाशी स्टुलावर शेंगा सोलत बसलेला तिचा धाकटा भाऊ बसवेशही थांबला.

एस्तेरबाई पिकरिंग गर्ल्स बोर्डिंगच्या मेट्रन. उभा जन्म त्याच आवारात गेलेला. आधी मुलगी म्हणून, मग मेट्रन म्हणून. डोळे लाल होते आणि पदर पुन्हा पुन्हा नीट करत होत्या.

"आमच्याकडं एक लांबलचक पांढरं कापड आहे," त्या सांगू लागल्या. "दहावीची परीक्षा झाली की बोर्डिंग सोडणारी प्रत्येक मुलगी त्यावर निळ्या दोऱ्यानं आपलं नाव भरते. बोर्डिंग काढणाऱ्या पिकरिंग मडमच्या काळापासूनची रीत. नाव मी पेन्सिलीनं काढून द्यायचं, मुलीनं भरायचं. आज चारला संस्थापिका दिन, म्हणून काल ते पेटीतून काढलं. दहावीतल्या संस्कृती नावाच्या पोरीनं इस्त्री केली. सकाळी चॅपलमध्ये प्रभूच्या मेजावर अंथरलं, तर मध्ये भोक! कात्रीनं तुकडा कापून नेलाय."

"कुणाचं नाव होतं त्या तुकड्यावर?"

"कुणाचंच नाही. जागा कोरी होती."

"मग एवढं रडण्यासारखं काय?"

"संस्कृतीच्या ट्रंकेत कात्री सापडली हो! रणभिसे मॅडम म्हणतात, चारच्या आत कबूल कर, नाहीतर सामान बांध आणि गावी जेऊरला जा. परीक्षा तोंडावर आलीय. त्यात ही शेवटचीच बॅच, एप्रिलात बोर्डिंग बंद होतंय. पोरीवर चोर म्हणून शिक्का बसेल." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ती निर्दोष आहे, एवढं दाखवून द्या. चोर नाही सापडला तरी चालेल."

राजेश्वरीनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि स्कूटरची किल्ली उचलली.

बोर्डिंगचं आवार उन्हानं करपलं होतं. निम्म्या खोल्यांना कुलपं लागलेली. व्हरांड्यात खाटा उलट्या रचून ठेवल्या होत्या, त्यांवर धूळ साचली होती. एके काळी इथं मुलींचा गलका असायचा म्हणे. आता कावळे तेवढे होते.

चॅपलमध्ये मुख्याध्यापिका रणभिसे मॅडम वाटच बघत होत्या. नगरहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या, कडक इस्त्रीच्या बाई.

"कापडावरची सगळी नावं मी शाळेच्या यादीशी ताडून पाहिलीत," त्या म्हणाल्या. "परीक्षा देऊन गेलेली एकही मुलगी कमी नाही. म्हणजे कोरी जागा कापली. निव्वळ खोडसाळपणा!"

"कार्यक्रमानंतर कापड परत पेटीत?"

"नाही. मडमच्या गावच्या चर्चनं मागितलंय, त्यांच्या संग्रहालयासाठी. उद्या परदेशी रवाना. इथं ठेवून काय उंदरांना घालायचं?"

राजेश्वरीनं कापड उलटं केलं. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ. "गाठी कुठं आहेत?"

"गाठ मारायचीच नाही," एस्तेरबाई हळूच म्हणाल्या. "मडम कापड उलटं करून तपासायच्या. गाठ दिसली की सगळं उसवायला लावायच्या. तेव्हापासून आम्ही सगळ्या बिनगाठीचंच भरतो."

भोकाच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या. तिथंही गाठ नव्हती.

"अक्का, चोरानं भोक शिवून दिलंय!" बसवेश हसला. "लई सज्जन चोर की!"

"हसू नकोस, हे वाच." भोकाला लागूनच उजवीकडं फिकट पेन्सिलीच्या रेघा होत्या.

बसवेशनं डोळे बारीक केले. "व्या. कुणीतरी खरडलंय काहीतरी."

"हे कापड धूत नाही?"

"कधीच नाही," रणभिसे मॅडम म्हणाल्या. "नुसतं उन्हात धरतात."

संस्कृती व्हरांड्यात बसली होती, रडून रडून तोंड सुजलेलं. कात्री तिचीच, चार्ट पेपर कापायची. राजेश्वरीनं तिला कापडाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बसवेशच्या शर्टाचं लोंबणारं बटण दाखवलं आणि म्हणाली, "एवढं लावून दे गं ह्याला. घरी कुणी लावत नाही."

मुलीनं सुई ओवली, बोट ओलं केलं आणि दोऱ्याच्या टोकाला चांगली टपोरी गाठ मारली.

"गाठ मारलीस?"

"मग बटण थांबणार कसं, मॅडम? बिनगाठीचं आम्हाला अजून येत नाही. परीक्षेनंतर नावं भरायच्या वेळी एस्तेरबाई शिकवतात." तिनं दोरा दातानं तोडला. "माझं नाव येणारच नाही आता."

"येईल," राजेश्वरी म्हणाली. तिला पोरीची फार दया आली, पण ती कामाच्या वेळी दया दाखवत नसे.

बसवेशला संशय लवकर येत नाही, आणि येतो तेव्हा भलत्याच माणसाचा येतो. आज तो माजी विद्यार्थिनी संघाच्या रेश्मा गायकवाड यांचा आला. बाई कालपासून पाहुण्यांच्या खोलीत मुक्कामाला होत्या आणि कापड पाठवण्यावरून सगळ्यांशी भांडल्या होत्या.

"भांडले, पुन्हा भांडेन!" रेश्माताई फणकारल्या. "आमची नावं तिकडं कोण वाचणार? पण त्याला कात्री लावायची? हात झडतील माझे! आता त्या काशम्मालाच कसं सांगायचं, कापड चाललं म्हणून?"

"काशम्मा कोण?"

"वळसंगची म्हातारी. तिची लेक काव्या आमच्यानंतर इथं होती. कावीळ झाली, परीक्षेआधीच गेली बिचारी. आई दर वर्षी आजच्या दिवशी येते आणि कापडावर बोट टेकवून बसते. मी कितीदा सांगितलं, तुझ्या लेकीचं नाव नाही गं इथं. परीक्षेनंतर भरतात नावं. ऐकतच नाही."

"कुठं टेकवते बोट?"

"आता ते कोण बघतं?" रेश्माताई म्हणाल्या.

चारच्या आधी राजेश्वरीनं सगळ्यांना चॅपलमध्ये बोलावलं. संस्कृती कोपऱ्यात उभी राहिली, बाहेर तिची ट्रंक बांधून ठेवलेली होती.

"रणभिसे मॅडम, भोक पाडणाऱ्यानं कडा शिवल्या, त्याही बिनगाठीच्या. या मुलीला तसं शिवताच येत नाही. मी काय बघतेय हे तिला ठाऊक नव्हतं, तरी पहिल्यांदा तिनं गाठच मारली. तुम्ही या बोर्डिंगच्या नाही, तुम्हाला ते कुणी शिकवलेलं नाही. मग उरल्या दोघी. रेश्माताई आणि एस्तेरबाई."

"अरे वा!" रेश्माताई उसळल्या.

"थांबा. जागा कोरी नव्हतीच. भोकाशेजारी पेन्सिलीनं 'व्या' लिहिलंय. म्हणजे तिथं एक नाव काढलेलं होतं आणि भरायचं अर्धवट राहिलं होतं. नाव अर्धं कुणाचं राहील? जी परीक्षेपर्यंत पोचलीच नाही तिचं. म्हणून तर ते यादीत नाही. काव्या. तिनं एकच अक्षर भरलं, 'का'. चोरानं तेवढंच नेलं आणि पेन्सिलीचं सोडून दिलं. कारण पेन्सिलीचं अक्षर चोराचं स्वतःचं होतं, मुलीच्या हातचं नव्हतं."

रणभिसे मॅडमनी वाकून त्या रेघा पाहिल्या.

"नावं पेन्सिलीनं कोण काढतं, ते मला सकाळी त्यांनीच सांगितलं. आणि ज्यांनी तिथं नाव काढलं, त्याच म्हणाल्या, जागा कोरी होती. एस्तेरबाई, चोर नाही सापडला तरी चालेल असं म्हणणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही."

एस्तेरबाई बाकावर बसल्या.

"तापात हट्ट धरून बसली होती," त्या म्हणाल्या. "मला आत्ताच भरू द्या, नंतर राहून जाईल. मी म्हटलं, भर बाई. एक अक्षर झालं आणि हात गळाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. जागा फक्त मला आणि तिच्या आईला ठाऊक. कापड परदेशी गेलं तर काशम्मानं बोट कुठं टेकवायचं? आज ती आली की हातात देणार होते. कबूल केलं असतं तर, मॅडम, तुम्ही तुकडा काढून घेतला असता."

"आणि माझ्या हातून या पोरीवर..." रणभिसे मॅडम बाहेरच्या ट्रंकेकडं बघत म्हणाल्या.

"सकाळपासून घशाखाली घास उतरला नाही माझ्या," एस्तेरबाई म्हणाल्या आणि संस्कृतीकडं बघून त्यांना रडू कोसळलं. "मला माफ कर गं."

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. काशम्मा आली होती, हातात भाकरीचं गाठोडं. कुणाकडं न बघता ती सरळ मेजापाशी गेली. सवयीनं बोट फिरवलं, आणि ते भोकात गेलं. तिनं पुन्हा चाचपलं.

"बाई," ती घाबरून म्हणाली, "माजी पोर कुटं गेली?"

एस्तेरबाईंनी बायबल उघडलं. आतून तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. निळं, वाकडंतिकडं एकच अक्षर.

"का," बसवेश हळूच वाचून गेला.

"हे अक्षर तेवडं येतंय मला," काशम्मा म्हणाली. "माज्या नावाचंबी हेच की. तिनंच शिकवलं."

"घरी न्या, काशम्मा," एस्तेरबाई म्हणाल्या. "कापड लांब चाललंय, समुद्रापार."

म्हातारीनं तुकडा दोन्ही तळव्यांत धरला. मग तिनं तो परत पुढं केला.

"घरी नेऊन काय करू? घरी मी एकलीच हाय. हितं तिच्या मैतरणी हायत. सगळ्यांसंगं जाऊ द्या तिला. एकदा मागं राहिली ती, आता परत नगं."

रेश्माताईंनी तोंड फिरवलं. रणभिसे मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्या संस्कृतीजवळ जाऊन म्हणाल्या, "चुकले मी. ट्रंक आत ठेव. आणि येताना सुई आण, निळा दोरा आण."

मुलगी मेजापाशी बसली. सुई ओवून तिनं सवयीनं बोट ओलं केलं, आणि थांबली. एस्तेरबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि गाठ न मारता पहिला टाका कसा घ्यायचा ते दाखवलं. काशम्मा भोकाच्या जागी ठेवलेल्या तुकड्यावर बोट दाबून उभी होती.

"बोट काढा, आजी," संस्कृती म्हणाली. "सुई लागेल."

"लागू दे," काशम्मा म्हणाली. "तू शिव."