रंगीत पाण्याच्या बाटल्या

मी स्क्रीनकडं बघून हसत होते आणि नेमका तेव्हाच तो दारातून आत आला.

मे महिन्याची दुपार होती. अहमदपूरच्या मार्केट यार्डामागं आमची माती तपासणीची दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. पेरणीआधी लोक शेतातली माती पिशवीत घालून आणतात. तिच्यात नत्र किती, स्फुरद किती ते तपासून मी कागद देते.

"मॅडम, जळकोटाहून आलो गाडीवर, असल्या उन्हात," तो म्हणाला. "अन् तुम्ही गेम खेळून राहिलात?"

घामानं कपाळाला चिकटलेले केस, मानेवर ओला रुमाल, हातात तीन पिशव्या. डोळे मात्र… जाऊ द्या. त्या दिवशी मला त्याचे डोळे बिलकुल आवडले नव्हते.

"मशीन चालू हाय. अर्धा तास लागतो," मी म्हणाले.

"मशीन चालू हाय ते दिसून राहिलं. माणूस बंद हाय."

पिशव्या टेबलावर ठेवून त्यानं तक्रार वही मागितली. सुंदर अक्षरात लिहिलं – 'कर्मचारी कामाच्या वेळी गेम खेळत होत्या.' खाली सही, मन्मथ. आणि निघून गेला. मला एक शब्द बोलू न देता.

मी संतापले. कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. माती आणि द्रावण भरलेल्या बाटल्या शेकर मशीनवर अर्धा तास हलवाव्या लागतात. पाच मिनिटं कमी झाली तरी स्फुरदाचा आकडा चुकतो, म्हणून मी जागेवरून उठत नाही. तेवढ्या वेळात ब्राउझरमध्ये एक साधा गेम उघडते. काचेच्या नळ्यांमध्ये रंगीत पाणी असतं, एकावर एक वेगवेगळ्या रंगांचे थर. ओतत ओतत एका नळीत एकच रंग आणायचा, एवढंच. त्यात घड्याळ नाही, मार्क नाहीत. चुकलं तर मागं जाता येतं.

मला त्या गेमची गरज होती. त्याच्या आदल्या वर्षी नांदेडच्या एका घरात माझं लग्न ठरलं आणि साखरपुड्यानंतर मोडलं. नोकरी करारावरची आहे, परमनंट नाही, म्हणून. त्यानंतर गल्लीतली प्रत्येक बाई मला विचारायची, "अंबिका, काय झालं गं नेमकं?" सगळीकडं प्रश्नच प्रश्न. हा गेम मला काहीच विचारत नव्हता. निळा निळ्यात गेला, हिरवा हिरव्यात गेला, की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं आणि मी चक्क हसायचे. त्या हसण्याचीच तक्रार झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही पुढं सरकवली. "तीस जूनला तुमचा करार संपतोय. हे वर पाठवावं लागेल."

मी खुलासा लिहिला, प्रत्येक मिनिटाचा. मग पिशवीवरच्या नंबरवर फोन लावला. "उद्या अकराला या. तुमची माती तुमच्यासमोरच तपासते."

तो आला. मी त्याला स्टुलावर बसवलं. माती चाळली, तोलली, बाटल्यांत द्रावण ओतलं आणि शेकर सुरू केला. "आता अर्धा तास. उठायचं न्हाई."

सात मिनिटांत त्यानं तीनदा घड्याळ बघितलं. बाराव्या मिनिटाला म्हणाला, "मॅडम, फोनवर… तो गेम कसा उघडायचा?"

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं मान खाली घातली. शेवटी मीच उघडून दिला. तो ओतू लागला, अडकला, मागं गेला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. शेकर थांबला तरी त्याला कळलं नाही.

"झालं," मी म्हणाले.

"थांबा, हा पिवळा…" म्हणत त्यानं वर बघितलं आणि ओशाळून हसला. मग हळूच म्हणाला, "मागल्या साली दुसरीकडं माती दिली होती. तीन शेतं, तीन पिशव्या, अन् कागदावर तिन्हीचे आकडे सारखेच. वडलांनी त्या कागदावर भरवसा ठेवून खत टाकलं. पीक कसं आलं ते विचारू नका. म्हणून परवा डोकं फिरलं माझं."

"न तपासता आकडे लिहिले?" माझा आवाज चढला. "अशा लोकांमुळं आमच्यावर कुणी विश्वास ठेवत न्हाई."

"तेच म्हणून राहिलो मी."

आम्ही दोघंही एकाच गोष्टीवर चिडलो होतो. माणसं अशी फार लवकर जवळ येतात.

जाताना त्यानं आपल्या तक्रारीखाली दोन ओळी लिहिल्या. मी म्हणाले, "मला तुमचं सर्टिफिकेट नको."

"सर्टिफिकेट न्हाई ते. माझी चूक हाय, मीच दुरुस्त करायची."

त्यानंतर तो दर आठवड्याला येऊ लागला. कधी चुलत्याच्या शेताची माती, कधी शेजाऱ्याची. बाटल्या हलत असायच्या आणि आम्ही एकाच स्क्रीनवर रंग जुळवत बसायचो. कूलरच्या वाऱ्यात त्याच्या बाहीला कडब्याचा वास असायचा. नळीकडं दोघांचं बोट एकदमच जायचं… आणि एकदमच मागं यायचं.

"तुमच्या गावात जमीन तरी किती हाय?" मी एकदा विचारलं.

"लई हाय. का, कंटाळलात?"

"मी कुठं तसं म्हणाले?"

जूनच्या शेवटी माझा करार अकरा महिन्यांनी वाढला. त्याच दिवशी तो आणखी एक पिशवी घेऊन आला. मी माती चाळणीवर टाकली आणि थबकले. विटेचा चुरा, चुन्याचे खडे, रांगोळीचे कण.

"ही शेतातली माती न्हाई," मी म्हणाले. "कुठली हाय?"

त्यानं रिकामी पिशवी उचलून पाठीमागं धरली.

"मन्मथ, कुठली?"

"…अंगणातली. आमच्या घरच्या."

मला खरोखर राग आला. "खोटा नमुना आणलात? दुसऱ्यांनी खोटे आकडे दिले म्हणून ओरडणारे तुम्हीच ना?"

"गावात माती उरली न्हाई, अंबिका," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. "यायला दुसरं कारण सापडंना." मग चाचरत पुढं म्हणाला, "आई म्हणती, येत्या सोमवारी तुमच्या घरी बघायला…"

"मला बघायला कुणीही यायचं न्हाई," मी चाळणी खाली ठेवली. "एकदा बघून गेलेत लोक, अन् मोडूनही गेलेत. काय विचारायचं ते मला विचारा. तुम्ही, अन् आत्ता. नोकरी करारावरची हाय, तरी मी ती सोडणार न्हाई, हेही ऐकून ठेवा."

त्यानं मानेवरचा रुमाल काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"नोकरी सोडा असं मी कधीच म्हणणार न्हाई," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करता का?"

बाहेर कुणीतरी हमालाला हाका मारत होतं.

"हाव, करते," मी म्हणाले.

लग्नाला आता दीड वर्ष झालं. मन्मथ अजूनही सगळ्यांना सांगतो, ही 'हाव' म्हणाली तेव्हा एवढी चिडलेली होती, की मला वाटलं, नकोच म्हणून राहिली.