दोन ठोके

मी खोटं बोललेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी तोंडावर फेकायला नको.

पण ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर द्या सोडून.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. सकाळी सहाला वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे गेले. चारला नेणार आहेत."

हे म्हणजे बारक्या. माझा दोस्त. अकरा वर्षं आम्ही एकाच ट्रकवर होतो. मी स्टेअरिंगवर, तो मागे. रिव्हर्स घेताना इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून तो पत्र्यावर तळहाताने ठोकायचा.

दोन ठोके म्हणजे ये.

एक ठोका म्हणजे थांब.

एकोणीस वर्षांपूर्वी एका गोदामात मी उपाशी होतो, डोकं तापलेलं होतं. त्याने एक ठोका दिला. मी ऐकला. वाटलं, अजून फूटभर जाईल की!

बारक्याचा डावा पाय ट्रक आणि भिंतीच्या मध्ये गेला.

मालकाला मी सांगितलं, "याने दोन दिले." बारक्या ओरडत होता, "एकच दिला रे!" कुणी ऐकलं नाही. त्याचा पाय गेला, कामही गेलं.

आता तरी वहिनींना खरं सांगायचं, असं ठरवून त्या मंगळवारी मी गाडी काढली. सात तासांचा रस्ता. बायको म्हणाली, "एकटे जाऊ नका, मी येते." तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी नको म्हणायला हवं होतं.

दहाच्या सुमाराला, लख्ख उन्हात, मागून आवाज आला...

ठप... ठप.

"डिकीत काय ठेवलंयस गं?"

"काही नाही. का?"

तिने ऐकलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी रेडिओ मोठा केला.

पुढे पेट्रोल पंपावर गाडी मागे घेत होतो. बायको पाण्याची बाटली आणायला गेली होती.

ठप... ठप.

ये.

सवयीने पाय ब्रेकवरून उचलला. मग कसं कोण जाणे, आरशात पाहिलं. मागे टँकर. वीतभर अंतर!

माझी पाचावर धारण बसली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती.

पण बारक्या जिवंतपणी कधी चुकीचा ठोका देत नव्हता.

अंत्यविधी आटोपला. बारक्याच्या घरी परतलो, तर त्याच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली, दाराला कुबडी टेकवलेली. वहिनी रिकाम्या पलंगावर बसल्या.

"शेवटी वाचा गेली होती. नुसते पलंगाच्या फळीवर ठोकायचे. दोनदा. आणि हसायचे."

मी दाराची कुबडी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"भाऊजी, आता तरी सांगा. त्या दिवशी एक होता, की दोन?"

हेच सांगायला आलो होतो. शब्द ओठांवर होता. पण बायको माझ्याकडे बघत होती...

"दोन," मी म्हणालो.

वहिनींनी मान हलवली. "बरं."

साडेपाचला निघालो. ऊन अजून होतं. गल्ली अरुंद, गाडी उलटीच काढावी लागणार, मागे दगडी भिंत. बायको म्हणाली, "मी मागे उभी राहते."

"दोन ठोकलेस की येईन. एकाला थांबेन," मी म्हणालो.

काच खाली केली. कान देऊन बसलो.

ठप...

मी थांबलो. देवाशपथ, थांबलो.

...ठप.

मी पाय उचलला.

ती किंकाळी अजून कानात आहे.

डावा पाय. गुडघ्याखाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, झालं कसं? बायको रडत म्हणाली, "मी एकच ठोका दिला होता हो. एकच!"

"दोन होते!" मी ओरडलो. "शप्पथ, दोन होते!"

आमच्या मागोमाग आलेल्या वहिनी दारात उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता."

त्याच क्षणी मी सगळं ओकलो. गोदाम, भूक, तो एक ठोका, सगळं. वहिनी एक अक्षर न बोलता निघून गेल्या.

बायकोने मात्र विचारलं, "आणि आजचे दोन होते, हे मी खरं मानू?"

ती आता भावाकडे असते. पाय वाचला, पण काठीशिवाय चालता येत नाही. माझा फोन ती घेत नाही. 'दोन होते' हे आयुष्यात त्या एकाच वेळी मी खरं बोललो, आणि तेच तिला पटत नाही.

गाडी विकून टाकली. मला वाटलं, कबूल केलं, आता सुटलो.

कसलं काय!

रोज दुपारी जेवून आडवा झालो, की पलंगाच्या पायथ्याशी, फळीवर...

ठप... ठप.

दोनाचा अर्थ तुम्हाला सांगितलाच आहे. मी अजून उठून गेलेलो नाही. पण काल डोळा लागला होता, आणि जाग आली तेव्हा माझा डावा पाय जमिनीवर टेकलेला होता.