मोरचुदातलं पाणी

सुट्टीत मावशीकडे आलेल्या चिमीचं पोहायला जायचं ठरलं होतं, पण मावशीच्या कापड रंगवायच्या कारखान्यात मोरचुदाचा ड्रम वजनाला कमी भरला आणि बेत बारगळला. आला तेव्हा ड्रममध्ये पन्नास किलो माल होता, आता बेचाळीस. त्यातलं चिमूटभरही कोणी वापरलं नव्हतं. कोठीची किल्ली एकट्या कोठीवाल्या काकांकडे असायची, त्यामुळे मावशीने त्यांनाच कामावरून काढायचं ठरवलं.

"मोरचुदाच्या खड्यात पाणी असतं, म्हणून तर तो निळा दिसतो," प्रोफेसर म्हणाला. "तेच उडालं असेल तर?"

प्रोफेसर म्हणजे मावशीचा मुलगा. मावशीने लगेच त्याच्यापुढे वजनकाटा ठेवला, आणि चिमीला वाट्या घासायला बसवलं. चिमीच्या अंगाचा तिळपापड झाला. वय तेच, इयत्ता तीच, पण कौतुक मात्र सगळं त्याचं!

त्याने ड्रम ढवळून त्यातला पंचवीस ग्रॅम माल एका वाटीत घेतला, नव्या पाकिटातला तेवढाच दुसऱ्या वाटीत, आणि दोन्ही तापवल्या. दोन्हींचं वजन सहा-सहा ग्रॅमने घटलं. म्हणजे पाणी दोन्हींत सारखंच, ड्रममधलं काही उडालेलं नाही. तो हिरमुसला. कोठीवाले काका आपलं सामान आवरायला लागले.

चिमीने मात्र वाट्यांत डोकावून पाहिलं. हा दीडशहाणा एकदा तरी चुकावा, एवढीच तिची इच्छा होती. ड्रमचा माल पांढराफटक पडला होता, पण नव्याच्या तळाशी अजून निळी झाक होती. तिने दोन्ही वाट्या पुन्हा आचेवर ठेवल्या आणि वजन घटायचं थांबेपर्यंत तापवल्या. ड्रमचा माल एकोणीस ग्रॅमवरच अडून बसला. नवा उतरत उतरत सोळावर आला.

"तू घाईत वाटी उतरवलीस," चिमी म्हणाली. "नव्यात नऊ ग्रॅम पाणी आहे. ड्रमच्या मालात सहाच."

प्रोफेसरचे कान लाल झाले, पण त्याने लगेच हिशेब मांडला. नव्या मालात पंचविसाला सोळा कोरडा, म्हणजे पन्नास किलोंत बत्तीस. ड्रमच्या मालात पंचविसाला एकोणीस, म्हणजे बेचाळीस किलोंतही जवळजवळ बत्तीसच. माल होता तेवढाच होता, गेलं होतं ते पाणी! आणि जाणार नाही तर काय! जागा वाचवायला मावशीनेच तो ड्रम झाकण न लावता कोठीत बॉयलरच्या बाजूच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवायला लावला होता.

मावशीने सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली आणि चिमीची पाठ थोपटली. तुझ्यासारखी बारीक नजर हवी, असंही म्हणाली. काकांनी डोळे पुसत विचारलं, "पण पोरी, पुन्हा तापवायचं तुला सुचलं कसं?"

चिमी खरं तेच बोलून गेली. "मला तो चुकायला हवा होता."

मावशीला हसू आवरेना. प्रोफेसरने वजनकाटा उचलला आणि चिमीच्या पुढ्यात ठेवला.

"चुकलोच," तो म्हणाला. "आता रोज जळत जा माझ्यावर."