ढब्बूने स्ट्रॉबेरी का उपटली?

बाजरी! स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात चक्क बाजरी पेरलेली!

सुमाआत्या मटकन खाली बसली. उन्हाची झळ सोसेल असं स्ट्रॉबेरीचं नवं वाण ती या डोंगरावर तयार करत होती. सकाळी रोपांवर पांढरी फुलं डोलत होती. आता सगळी रोपं उपटून कडेला रचलेली, आणि शेजारी बाजरीच्या रिकाम्या पिशवीजवळ मातीचे हात झटकत ढब्बू उभा. ढब्बू म्हणजे आत्याचा यंत्रमानव. परदेशात घडलेला, म्हणून त्याला फक्त इंग्रजी कळायची.

"अरे, हे काय केलंस?" आत्याने त्याला इंग्रजीत विचारलं.

"क्लायमेट हॅज चेंज्ड," ढब्बू शांतपणे म्हणाला.

आत्या पुढे काही विचारणार, तोच तिची भाची मैथिली घाईघाईने म्हणाली, "डोकं फिरलंय त्याचं, आत्या! सकाळपासून काहीही बडबडतोय."

बोलली खरी, पण दुपारी काय झालं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी अचानक उकडायला लागलं होतं. आतेभाऊ केदारने ढब्बूला सांगितलं, "वेदर हॉट." मैथिली फिसकन हसली. "वेदर काय, वेदर! पहिलीतला शब्द. हवामानाला क्लायमेट म्हणतात, ढ!" मग मान उडवत ती स्वतःच ढब्बूला म्हणाली, "द क्लायमेट हॅज चेंज्ड. इट इज हॉट नाऊ." ढब्बूने दोनदा विचारलं होतं, "क्लायमेट? आर यू शुअर?" आणि ती ऐटीत म्हणाली होती, "येस, येस!"

"मग याची स्मृती पुसायलाच हवी," आत्याने सुस्कारा सोडला. "अगदी कोरा करावा लागेल."

कोरा? म्हणजे मैथिलीने शिकवलेली कोडी, तिच्या वाढदिवसाला त्याने बेसूर म्हटलेलं गाणं, सगळंच जाणार? आत्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. ढब्बूने आपणहून मान खाली घातली. विचारल्याशिवाय तक्रार करायची त्याला सवयच नव्हती.

ती वाकलेली मान मैथिलीला बघवेना.

"थांब ना आत्या! दुपारी उकडलं म्हणून मीच... मीच त्याला क्लायमेट बदललं असं सांगितलं. आणि वर खोटंही बोलले."

लाजेने तिचे कान तापले. शेजारी उभा असलेला केदार काहीतरी टोमणा मारेल असं तिला वाटलं, पण तो नुसता पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. त्यामुळे तिला आणखीच लाज वाटली.

आत्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आपण मराठीत सरसकट हवामान म्हणतो ना, तिथे फसलीस बघ," ती म्हणाली. "वेदर म्हणजे आजची हवा. सकाळी धुकं, दुपारी ऊन. क्लायमेट म्हणजे एखाद्या प्रदेशाचं, निदान तीसेक वर्षं नोंदी ठेवून कळलेलं सरासरी हवामान. वेदर हा रुसवा, तर क्लायमेट हा स्वभाव. ढब्बूला वाटलं, या डोंगराचा स्वभावच तापट झाला! मग इथे स्ट्रॉबेरी जगेल कशी? म्हणून बिचाऱ्याने बाजरी पेरली."

"पण स्वभाव खरंच बदलतो का गं?" केदारने विचारलं.

"बदलतो ना. पृथ्वीचा बदलतोच आहे. पण एका दुपारीत नाही. म्हणून तर हे नवं वाण हवंय."

मैथिली हुंदका गिळत म्हणाली, "आणि मी? मी खोटारडी झाले का?"

आत्याने मातीच्याच हाताने तिचा गाल पुसला. "आज बोललीस ते तुझं वेदर गं, बाळा. रोज बोलायला लागलीस, की मग मात्र क्लायमेट."

अंधार पडेपर्यंत तिघं आणि ढब्बू रोपं पुन्हा लावत होते. बरीच वाळून गेली होती. पण काहींच्या मुळांना अजून ओल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढब्बूने विचारलं, "हाऊ इज द क्लायमेट, मैथिली?"

तिचे कान पुन्हा तापले. तिने केदारकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"वेदर इज कूल," ती हळूच म्हणाली. मग मराठीत स्वतःशीच पुटपुटली, "क्लायमेटचं मोठी झाल्यावर सांगेन. तोवर रोज बघत राहीन."