एका नंबराचा एकच माणूस

डोंगरातून सत्तर किलोमीटर धावायचं असेल तर सगळ्यात आधी पायाची नखं कापावीत. मी गंमत करत नाही. शर्यतीच्या नियमपुस्तिकेत पान तीनवर आहे. मग मांड्यांना व्हॅसलिन फासावं, मोजे उलटे घालावेत म्हणजे शिवण टोचत नाही, आणि त्या दिवशी नवीन काहीही वापरू नये, अगदी विचारसुद्धा. हे शेवटचं माझं.

तयारीत मी कसूर केली नव्हती. चार महिने पाठीवर मिठाच्या सहा पिशव्या घेऊन आमच्या इमारतीचे अकरा मजले रोज दहा वेळा चढलो. पहिल्या आठवड्यात वॉचमन दर फेरीला "कोणाकडे?" म्हणून हटकायचा. दुसऱ्या आठवड्यापासून तो लोकांना माझ्याबद्दल हळू आवाजात सांगायला लागला.

ही तिसरी खेप होती. पहिल्या वर्षी चौतीस किलोमीटरवर मला बाहेर काढलं. दुसऱ्या वर्षी बावन्नवर, चार मिनिटं उशीर झाला म्हणून. तीनदा शर्यत अपुरी राहिली की त्या माणसाला पुन्हा कधीच प्रवेश नाही, हा नियम एकवीस.

"या वेळी नाही जमलं तर कॅरम खेळ," गाडीतून सोडताना ताई म्हणाली. "बसून असतं."

"बसून पाठ दुखते."

"तुझं तोंड दुखत नाही कधी."

पहाटे पाचला एकशे वीस जण निघालो. संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं. माझा नंबर एकशे सात, उजव्या मांडीवर टाचलेला. सगळ्यांच्या मागे स्वीपर काका. वाटेवर खुणेसाठी बांधलेल्या लाल रिबिनी सोडवून घेत यायचं आणि मागे कोणी राहत नाही ना ते बघायचं, हे त्यांचं काम. दोन्ही वर्षं मला जीपमध्ये त्यांनीच बसवलं होतं. आमचे घरच्यासारखे संबंध होते.

धुकं इतकं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. अठरा किलोमीटरच्या चौकीवर ताडपत्रीखाली एक नर्सबाई नंबर टिपत होत्या.

"एकशे सात? तू गेलास की मघाशी."

"मी एवढा वेगवान असतो तर बरं झालं असतं."

त्यांनी यादी दाखवली. माझ्यापुढे वेळ लिहिलेली होती, पन्नास मिनिटं आधीची. धुक्यात आकडा चुकला असणार. मी पाणी भरून निघालो.

चौतीसवर ऊन पडलं होतं. तिथल्या चौकीवर एक निवृत्त मास्तर होते. माझी टाच नुकतीच सोलायला लागली होती, म्हणून मी चिकटपट्टी मागितली.

"दुसरी? मघाशी लावून दिली ना, उजव्या टाचेला."

मी बूट काढून दाखवला. टाच उघडी होती, लालबुंद. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि पट्टी लावली. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी माझा ठेवणीतला विनोद काढला: मास्तर, शाळेत मी नेहमी मागच्या बाकावर बसायचो, आता बाकसुद्धा पुढे गेलाय.

मास्तर हसले नाहीत. "हाच सांगितलास मघाशी," ते म्हणाले. "अर्ध्या तासापूर्वी."

आता मात्र मला राग आला. नंबर चोरावा, वेळ चोरावी, समजू शकतो. पण तो विनोद मी चौकीआधीच्या चढावर, वीस मिनिटांपूर्वी रचला होता.

बावन्नवर मी वेळेच्या अकरा मिनिटं आधी पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा. तिथे शर्यतीच्या प्रमुखबाई उभ्या होत्या, हातात वॉकीटॉकी.

"एकशे सात नऊ मिनिटांपूर्वी पुढे गेलाय," त्या म्हणाल्या. "एका नंबराचा एकच माणूस. तू जीपमध्ये बस."

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"पाहिलं."

"कोणासारखा होता?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जीपकडे बोट दाखवलं.

"मॅडम, माझी टाच फुटलीय, पोटात कळ येतेय, दोन नखं गेलीत. हे सगळं मी कमावलंय. त्याला बसवा जीपमध्ये."

मागून स्वीपर काकांची काठी ऐकू यायला लागली होती. बाईंनी घड्याळ बघितलं. "जो आधी पोचेल, तो एकशे सात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला मी ओळखत नाही."

मी धावलो. चढावर चालायचं आणि उतारावर धावायचं, हे नियमपुस्तिकेतलं शहाणपण मी सोडून दिलं. चढावरही धावलो.

पासष्टच्या पुढे, डोंगराच्या उघड्या धारेवर, तो दिसला. निळी पिशवी, माझ्यासारखीच. डावा खांदा किंचित खाली. मिठाच्या पिशव्यांनी माझाही तसाच झालाय.

अंतर कमी होत गेलं. त्याच्या पावलांचा आवाज येत नव्हता. माझ्याच पावलांचा येत होता.

मग मी थांबून श्वास घेतला, आणि पुढे तोही थांबला.

मागून येणाऱ्याने हाक द्यायची आणि पुढच्याने वाट सोडायची, असा नियम आहे.

"डावीकडून," मी म्हणालो.

त्याने वाट सोडली. अगदी शिस्तीत. मान खाली घातलेलीच.

मी बाजूने गेलो. घामाचा वास आला. ओळखीचा.

मी बघितलं नाही. बघणार नव्हतोच.

दोन किलोमीटर उरले होते, आणि सोळा मिनिटं. तेव्हा मागे शिट्टी वाजली. तीनदा. तीन शिट्ट्या म्हणजे कोणीतरी संकटात आहे. ऐकणाऱ्या स्पर्धकाने परत फिरून मदत करायची, नाहीतर बाद.

पुन्हा तीनदा. या वेळी जरा बारीक.

एका नंबराचा एकच माणूस, हे प्रमुखबाईंनीच सांगितलं होतं. मग मागे स्पर्धक कुठला?

मी उतारावर पाय सोडून दिले.

पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी पोचलो. ताई धावत आली, मला धरलं, आणि पहिल्यांदाच तिला काही टोमणा सुचला नाही. एका मुलीने गळ्यात पदक घातलं. प्रमुखबाईंनी यादीत माझ्या नावापुढे खूण केली, पेन दोनदा फिरवून.

पाचच मिनिटांत स्वीपर काका उतरले, धापा टाकत, रिबिनींनी भरलेली गोणी खांद्यावर.

"वाटेत कोणी?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. सगळे आले." मग ते माझ्याकडे वळले. "काय रे, बरा आहेस ना? शिट्टी ऐकून मी पळतच आलो. पुढे तू एकटाच होतास."

"मी नाही वाजवली काका."

"बरं," ते म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं.

शेवटी सामानाची तपासणी असते; सक्तीची एखादी वस्तू नसली तर एक तासाचा दंड. तपासणाऱ्याने माझी पिशवी टेबलावर रिकामी केली. पाणी आहे. बँडेज आहे. चांदीचं ब्लँकेट आहे. पट्ट्याच्या आतल्या कप्प्याची चेन उघडून त्याने शिट्टी काढली, दुकानातलं प्लास्टिकचं वेष्टण अजून तसंच होतं, मी ते कधी फोडलंच नव्हतं.

त्याने ते फोडलं, आणि मग बोटं पँटला पुसली.

"ओली आहे," तो म्हणाला, आणि शिट्टीपुढे बरोबरची खूण केली.