मागून आलेली ओ

दुपारचं जेवण उरकलं, तशी सरदार आणि मामा राख चाचपायला टेकडीवर निघाले. रोजचंच काम होतं. वणवा विझला की लोक म्हणतात, सुटलो. वणवा विझवणाऱ्या टोळीवाल्यांना ठाऊक असतं, की विझलेला वणवा झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखा असतो. डोळे मिटलेले, कान टवकारलेले.

सरदार म्हणजे कुणी मिशीवाला गडी नव्हे. चाळिशीतली, अंगानं किरकोळ बाई होती ती. टोळीची म्होरकी झाली त्या दिवशी कुणीतरी टिंगलीत "या, सरदार" म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. मामा टोळीतला सगळ्यात जुना माणूस. जन्मभर धूर गिळलेला. दोन शब्द बोलला की तिसऱ्याच्या जागी खोकला यायचा.

"डॉक्टर काय म्हणाले, मामा?"

"म्हणाले, धुरापासून लांब राहा." मामानं खोकून घेतलं. "मी म्हटलं, आधी माशाला सांगा पाण्यापासून लांब राहायला."

सरदार हसली, पण तिला हसू पुरलं नाही. तिचाही घसा आतून सोलल्यासारखा झाला होता. सकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा.

राख चाचपायची रीत अशी. पुढच्यानं हातमोजा काढायचा, गुडघ्यावर बसायचं आणि पालथा हात राखेवरून फिरवायचा. तळहाताची कातडी कुदळ धरून धरून मेलेली असते, तिला काही कळत नाही. हाताची पाठ खोटं बोलत नाही. ऊब लागली नाही, तर म्हणायचं, "गार". मग मागच्यानं त्याच जागी वाकायचं, आपला हात फिरवायचा आणि ओ द्यायची, "गार". दोन हात, दोन तोंडं. तेव्हा कुठे ती जागा गार धरायची.

गेल्या उन्हाळ्यात या रीतीत एकदाच खोट आली. सरदारचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, याच टोळीत होते. हात भाजला होता म्हणून त्या दिवशी त्यांनी मोजा काढला नाही. मोज्यातूनच राख चाचपली आणि म्हणाले, गार. मागच्यानं वाकायचा कंटाळा केला आणि नुसतीच ओ दिली. दाजी पाठ टेकायला तिथेच खाली आडवे झाले. त्यांच्या उशाचा उतार मागून पेटला आणि दाजी त्यातच गेले.

बहीण आणि तिची दोन पोरं याच टेकडीच्या पायथ्याला, वस्तीत राहायची. वस्ती आठवड्यापासून रिकामी होती. सगळी माणसं शहरातल्या शाळेच्या सभागृहात, सतरंज्यांवर. सकाळीच बहिणीनं सरदारचा हात धरला होता.

"धाकटे, आज गार म्हणून टाक गं. पोरगी रात्रभर कण्हते. इथं माणसावर माणूस झोपलंय."

"टेकडीनं म्हटलं तर मी म्हणेन, ताई."

"टेकडी काय बोलते होय? वनखात्याचे साहेब म्हणाले, तुझ्या एका शब्दावर आहे सगळं."

ते खरंच होतं. सरदारनं कमरेच्या वायरलेस सेटवरून "गार" कळवलं, की संध्याकाळच्या आत वस्तीची माणसं घरी.

टेकडीवर आता झाड असं उरलं नव्हतं. काळे बुंधे आणि घोटाभर मऊ राख. धूर जागचा हलत नव्हता. सूर्य त्यातून तांब्याच्या झाकणासारखा दिसत होता, त्याच्याकडे खुशाल बघावं. पाखरू नाही, किडा नाही. जळक्या राळेचा गोडसर वास, आणि त्याखाली दुसरा एक वास, ओल्या लोकरीसारखा. तो कशाचा, ते सरदारला कळेना.

"गार," ती म्हणाली.

"गार," मागून मामा.

ती पुढे सरकली. वाकली, हात फिरवला, उठली. गार. मागून ओ, गार. काम सुरात लागलं. तिच्या डोळ्यांपुढे बहिणीचं अंगण आलं. पोरं धावत दार उघडतील, ताई चूल... नाही, आधी खिडक्या उघडेल. सरदारचे गुडघे भरून आले होते. अजून थोडं. तो मोठा बुंधा झाला, की झालंच.

"गार."

"गाऽर."

बरंच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की मामाचा खोकला ऐकू आलेला नाही.

"मामा, खोकला थांबला वाटतं?" ती मागे न बघताच म्हणाली.

"गाऽर."

तिचा हात राखेवरच राहिला. मागे पावलांचा आवाजही नव्हता. राखेत बूट रुतला की फस् असं वाजतं. ते वाजत नव्हतं. आणि 'गार'मधला आकार असा लांब ओढायची सवय मामाची नव्हती.

तिनं सावकाश मान वळवली. मागे धूर होता. खूप खाली, पाण्याच्या डब्याजवळच्या दगडावर, मामा छाती धरून बसला होता. तो बराच वेळ तिथेच बसला असावा. राखेत पावलांची एकच ओळ वर आली होती. तिची.

माणूस अशा वेळी पळतो. सरदारचे पायही पळायला निघाले होते. पण तिच्या मनात वेगळंच आलं. मघापासून मागून आलेली एकही ओ खरी नव्हती. म्हणजे मघापासून चाचपलेली एकही जागा गार नव्हती. भीतीच्या आधी तिला राग आला.

मोठा बुंधा हातभर अंतरावर होता. तिनं त्याच्या मुळाशी पालथा हात ठेवला. गार वाटलं. हात आणखी खाली, राखेच्या आत घातला. पुसटशी ऊब... की भासच?

"गाऽर," कानामागे आवाज आला. अगदी जवळून. हळू, थकलेला, ओळखीचा. लोकरीचा वास दाटला. हा वास कशाचा, ते आता तिला आठवलं. टोळीला मिळणाऱ्या जाड हातमोज्यांना आतून लोकर असते. घामानं भिजली की अशी वास मारते.

"दाजी?" ती म्हणाली.

तिनं हात राखेतून काढला नाही.

"दाजी, हातमोजा काढून सांगा."

मग तो आवाज पुन्हा आला, लाडीगोडी लावावी तसा.

"पोरांना घरी येऊ दे गं... मी तिथंच बसलोय... वाट बघत..."

तिला रडू आलं. दाजींनी तिला कुदळ धरायला शिकवलं होतं. पोरगी झाली तेव्हा टोळीभर पेढे वाटत मिरवले होते.

"बघा वाट," ती म्हणाली. "जन्मभर बघा. पोरं येणार नाहीत. तुम्ही दाजी असाल तर तुम्हालाच हे पटेल. आणि नसाल, तर तुझं ऐकायला मी बांधलेली नाही."

तिनं कुदळ उचलली आणि बुंध्याच्या मुळाशी घातली. दुसऱ्या घावाला माती बाजूला झाली. आत मूळ लाल होतं, भट्टीसारखं; त्याची झळ तिच्या उघड्या हाताला चाटून गेली. मातीखालून सरळ उताराला, वस्तीच्या दिशेनं गेलेलं.

तिनं सेट तोंडाशी धरला. "साहेब, टेकडी गार नाही. मुळं पेटलीत. वस्ती उघडू नका."

सेट खरखरला. "सरदार, थट्टा करता का? मघाशीच तर तुम्ही गार म्हणून कळवलंत. मी पुन्हा विचारलं, तरी तेच म्हणालात. ट्रक केव्हाच निघाला इथून."

"मी नाही बोलले."

"तुमचाच आवाज होता, बाई."

वाद घालायला वेळ नव्हता. "मामा, टोळीतल्या पोरांना पाणी घेऊन वर बोलाव," असं ओरडत ती उतारावरून अक्षरशः घसरत खाली आली. वस्तीच्या तोंडाशी पोचली तेव्हा ट्रक वळणावर आलाच होता. ती रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. हौद्यातून बोजे कोसळले, माणसं ओरडली.

बहीण खाली उतरली. पोरगी कडेवर. "काय चाललंय तुझं? तूच बोलावलंस ना?"

"मी नाही बोलावलं, ताई."

"साहेबांनी सगळ्यांसमोर सेट लावला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं. 'ताईला म्हणावं, घरी जा.' तुझ्याशिवाय मला ताई म्हणणारं कोण आहे?" तिनं वस्तीकडे बोट केलं. "पाऊलभरावर घर दिसतंय माझं. बाजूला हो."

"नाही होणार."

"पोरीला बघ जरा..."

"बघतेय. म्हणूनच नाही होणार. गाडी पुढे न्यायची तर माझ्या अंगावरून न्या."

हौद्यातून कुणी तिला वेडी म्हणालं, कुणी त्याहून वाईट. ती हलली नाही. बहिणीनं तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर मोठा फोड टरारला होता, मुळाच्या आगीचा. बहिणीनं कडेवरच्या पोरीला आवळून धरलं.

तेवढ्यात टेकडीवर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. बुंध्याच्या बाजूनं ज्वाळा उठली आणि उतारावरून खाली धावत आली. वस्तीतलं कडेचं घर, बहिणीचंच, बघता बघता धुरात बुडालं. पोरगी आईच्या खांद्यावरून घराकडे टक लावून बघत होती. तिनं हात हलवला, कुणाला तरी टाटा करावा तसा.

"तिकडे बघू नको," सरदार म्हणाली आणि तिनं पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं.

ट्रक मागे वळू लागला. टोळीतली पोरं पाण्याचे पंप पाठीवर घेऊन उताराला भिडली होती. सरदारही निघाली आणि कमरेचा सेट खरखरला. त्यावर एक बाई बोलत होती. शांत, सवयीच्या, सरदारच्याच आवाजात.

"गार."

आणि पलीकडच्या टेकडीवरच्या टोळीतल्या कुणा पुरुषाचा दमलेला आवाज, "गार."

सरदारनं बटण दाबलं. "पलीकडची टोळी, ऐका. मी सरदार बोलतेय. कुणाच्या मागे ओ देऊ नका. आहात तसे मागे फिरा."

मग तो पुरुष गोंधळून म्हणाला, "सरदार... तुम्ही तर इथंच आहात. माझ्या पुढ्यात, गुडघ्यावर बसलाय."

"काय करतेय ती?"

"राख चाचपताय... कोपरापर्यंत आत..." मग तो पुढ्यातल्या बाईलाच म्हणाला, "हात भाजत नाही का तुमचा?"

"तिच्याशी बोलू नका. मागे फिरा. मी येतेय," सरदार म्हणाली आणि धावत्या ट्रकच्या फळीला लोंबकळून वर चढली. "माणसं शाळेवर उतरव, मग पलीकडच्या रस्त्यानं घे रे," तिनं ड्रायव्हरला सांगितलं. "आणि काचा लाव."

तिच्या हातातल्या सेटवर बटण कुणीच दाबलं नव्हतं. तरी त्यातून आवाज आला, तिचाच, थोरल्या बहिणीनं धाकटीला बोलवावं तसा मायेचा.

"ये."